काच आधी, लाकूड शेवटी

जुनी मोटार दिसली की लोक इंजिनाबद्दल विचारतात. चालते का, लिटरला किती देते, पार्ट मिळतात का. रबराबद्दल कुणी विचारत नाही. पण गोव्यात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि इथे जुन्या गाडीला इंजिन मारत नाही, पाणी मारतं. बंद पडलेलं इंजिन वीस वर्षांनी उघडून परत सुरू करता येतं. वीस पावसाळे आत पाणी झिरपलेल्या गाडीचा तळ मात्र अंगठ्याने दाबला तरी बिस्किटासारखा मोडतो. हे सगळं पाणी ज्या फटींतून येतं त्या बोटाएवढ्या रबराने बंद करायच्या असतात. रबर चुकलं की पत्रा जातो आणि पत्र्याच्याही आधी आतलं लाकूड जातं.

मंडळाच्या बैठकीत मी एकदा सहज म्हटलं होतं की गॅरेजात 'बीडिंग' या एका शब्दात सहा वेगळ्या वस्तू मावतात. काचेभोवतीचं रबर, त्या रबरातली चमकती पट्टी, दाराचं स्पंजी रबर, दाराच्या चौकटीवरची कापड चढवलेली पट्टी, काच वरखाली सरकते त्या चॅनेलमधलं फेल्ट आणि डिकीचं रबर. मालक म्हणतो "बीडिंग बदला", आणि यातलं नेमकं कुठलं ते मेकॅनिक त्याच्या हाताच्या इशाऱ्यावरून ओळखतो. तेव्हा दोघीतिघींनी मागे लागून हा लेख लिहायला लावला. साहित्य मंडळाच्या अंकात रबर शोभतं का, ते संपादकांनी बघावं. माझ्या पप्पांचं मडगावला छोटं गॅरेज आहे. काम बहुतेक फियाट आणि ॲम्बेसेडरचं. सुट्टीत मी तिथे हिशेब लिहिते आणि काच बसवताना माणूस कमी पडला तर दोरीही ओढते. दोरी म्हणजे काय ते पुढे येईलच.

सध्या तिथे उभी असलेली गाडी मात्र फियाट नाही. जॅग्वार मार्क २ आहे, २.४ लिटर इंजिनाची. ही गाडी इंग्लंडमध्ये कोव्हेंट्रीच्या ब्राउन्स लेन कारखान्यात १९५९ पासून १९६७ पर्यंत बनली. कंपनीचे सर्वेसर्वा विल्यम लायन्स यांचं लक्ष गाडीच्या रेषेवर जितकं, तितकंच किमतीवर असे. बेंटलीसारख्या गाडीत मिळणारं कातडं आणि अक्रोडाचं लाकूड त्यांनी पुष्कळ कमी पैशात दिलं. डॅशबोर्ड, दारांच्या वरच्या पट्ट्या, काचेच्या कडा, सगळीकडे अक्रोड. पुढच्या सीटच्या पाठीला मागे बसणाऱ्यांसाठी घडीची छोटी टेबलंसुद्धा. डिसेंबर १९६१ पर्यंत गोव्यात पोर्तुगीज राज्य होतं आणि परदेशी गाड्यांवर भारतात होती तशी कडक बंधनं इथे नव्हती, म्हणून काही घरांत अशा गाड्या आल्या. स्टिअरिंग उजवीकडेच आहे. पोर्तुगालने १९२८ साली रस्त्याची बाजू बदलली, गोव्यातली वाहतूक मात्र डावीकडूनच चालत राहिली.

गाडी सासष्टीतल्या एका आंटींची. अंकल गेल्यापासून चौदा वर्षं ती त्यांच्या बाल्कावाशेजारच्या शेडमध्ये उभी होती. मुलगा परदेशात असतो, त्याने विकायचं ठरवलं आहे. गिऱ्हाईक पुण्याचं, आणि त्यांची अट एकच: आतलं सगळं लाकूड नवं, इंग्लंडहून मागवलेलं पाहिजे. या अटीवरून गेले दोन महिने गॅरेजात जे चाललंय ते सांगायचंच आहे, पण आधी रबर. कामाचा क्रमच तसा आहे. रंग झाला की छताचं कापड, मग पुढची-मागची काच, मग दारांच्या काचा आणि त्यांची चॅनेलं, मग दारांचं रबर, मग पाण्याची परीक्षा, आणि सगळ्यात शेवटी लाकूड. हा क्रम उलटा केला तर काचेच्या वरच्या कोपऱ्यातून झिरपलेला पहिला थेंब थेट पॉलिश केलेल्या अक्रोडावर पडतो.

रबर घेतानाच निम्मी लढाई होते. या काळातल्या गाड्यांना नैसर्गिक रबर असे. ऊन आणि हवेतला ओझोन यांनी ते कडक होतं आणि त्यावर आडव्या बारीक चिरा पडतात. जिथे रबर ताणलेलं असतं तिथे चिरा आधी पडतात, म्हणजे नेमक्या कोपऱ्यांत. आता बहुतेक ठिकाणी ईपीडीएम नावाचं कृत्रिम रबर मिळतं, ते उन्हाला आणि ओझोनला पुष्कळ जास्त टिकतं. मात्र त्याला गोंद सहजी धरत नाही. साच्यातून काढताना लावलेली पावडर किंवा तेलकट थर त्याच्या अंगावर असतो. तो आधी स्पिरिटने पुसून काढायचा, मग रबर आणि पत्रा दोन्हींना गोंद लावायचा, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत सुकू द्यायचा, आणि मगच जोडायचं. "लावलं पण दुसऱ्या दिवशी निघून आलं" अशा बहुतेक तक्रारींचं मूळ हे न सुकलेल्या गोंदात असतं.

स्पंजी रबराची आणखी एक गंमत आहे. त्यात दोन जाती असतात. एकात प्रत्येक बुडबुडा बंद असतो, दुसऱ्यात ते एकमेकांत उघडतात. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. तुकडा कापायचा, पाण्यात बुडवून चार-पाच वेळा दाबायचा, बाहेर काढून पिळायचा. पाणी निघालं तर तो भांडी घासायचा स्पंज आहे, दाराचं रबर नव्हे. तसलं रबर दाराला लावलं तर ते जुलैत पाणी पितं आणि ऑक्टोबरपर्यंत पत्र्याला ओलं फडकं गुंडाळून ठेवल्यासारखं काम करतं. आंटींच्या गाडीला पूर्वी कुठल्यातरी गॅरेजात असलंच रबर लावलं होतं. ते काढलं तेव्हा खाली पत्रा उरलाच नव्हता, रंगाचा पापुद्रा तेवढा होता.

आता पुढची काच. ही बसवणं म्हणजे गॅरेजातलं सगळ्यात बघण्यासारखं काम, आणि फियाटला जी पद्धत तीच जॅग्वारला. रबराच्या कड्याला दोन खोबणी असतात. एकीत काच बसते, दुसरीत गाडीच्या पत्र्याची कड. काच घोंगडीवर आडवी ठेवून आधी तिच्याभोवती रबर चढवायचं. मग दुसऱ्या खोबणीत सगळीकडून नायलॉनची दोरी घालायची, साधारण कपडे वाळत घालायच्या दोरीएवढी, आणि तिची दोन्ही टोकं खाली मध्यावर एकमेकांवरून वीतभर नेऊन आतल्या बाजूला सोडायची. पत्र्याची कड आणि रबर यांना साबणाचं पाणी लावायचं. ग्रीस नाही, व्हॅसलिन नाही, खोबरेल तर नाहीच. तेलाने रबर फुगतं आणि पुढे सैल पडतं. मग दोघांनी काच बाहेरून जागेवर धरायची, एकाने आत बसून दोरीचं एक टोक हळूहळू ओढायचं. दोरी बाहेर येताना रबराचा आतला ओठ उचलून पत्र्याच्या कडेवरून आत पलटवत जाते. बाहेरच्याने नेमकं त्याच जागी तळव्याने दाबत राहायचं. ठोसा मारायचा नाही, हातोडी तर दूरच ठेवायची. काच मध्ये दाब सोसते, कडेला सोसत नाही. कोपऱ्याशी दोरी अडली की ओढायचा जोर वाढवायचा नाही, थांबून साबणाचं पाणी घालायचं.

मी आतली असते. आतून फक्त बाहेरच्या माणसाचा तळवा दिसतो आणि रबर पत्र्यावरून पलटताना होणारा 'टप टप' असा बारीक आवाज ऐकू येतो. आवाज सलग आला तर काम बरोबर चाललंय. मधेच एखादी जागा मुकी गेली तर तिथे ओठ दुमडलाय असं समजायचं. काच बसल्यावर रबर आणि काच, रबर आणि पत्रा या दोन्ही फटींत न सुकणारी पुट्टी भरावी लागते. ही कधीच पूर्ण कडक होत नाही आणि तेच हवं असतं, कारण गाडी रस्त्यावर पिळवटते, काच पिळवटत नाही. खिडकीच्या तावदानाला लावायचं पांढरं सिलिकॉन इथे वापरणारे लोक आहेत. त्यांच्याबद्दल पप्पा जे बोलतात ते या अंकात छापता येणार नाही.

दारांचं काम याच्या उलट. त्यात जोर नाही, मोजमाप आहे. दार आणि चौकट यांच्यात सगळीकडे फट सारखी नसते, जुन्या गाडीत तर नसतेच. कुठे चार मिलिमीटर, कुठे नऊ. म्हणून आधी मुलांच्या खेळण्यातल्या मऊ मातीच्या गोळ्या करून चौकटीला दहा-बारा ठिकाणी चिकटवायच्या, दार अलगद बंद करायचं, उघडायचं, आणि चपट्या झालेल्या गोळ्या मोजायच्या. मग कळतं की रबर बदलायचं आहे की बिजागरी सरकवायची आहे. फार जाड रबर लावलं तर दार बंद होत नाही, मग मालक ते आपटायला लागतो, आणि महिन्याभरात कुलूप सैल. नवं रबर पहिल्या दिवशी थोडं घट्ट लागणारच. दारं लावून गाडी दोन-तीन रात्री तशीच ठेवायची, रबर आपोआप बसतं.

लावताना रबर ताणायचं नाही, हे पप्पा प्रत्येक नव्या मुलाला शंभरदा सांगतात. ताणून लावलं की पट्टी लांब पुरते, मुलाला वाटतं रबर वाचलं. पण ताणलेलं रबर परत आकसतं, सांध्याशी फट उघडते आणि कोपऱ्यात चपटं होतं. उलट कोपऱ्यात ते किंचित आत ढकलत लावायचं. सांधा दाराच्या खालच्या बाजूला, उंबऱ्याशी घ्यायचा आणि तुकडा दोन-तीन मिलिमीटर लांबच कापायचा, म्हणजे दोन्ही टोकं एकमेकांना रेटत राहतात.

इतकं करूनही दारात पाणी शिरतंच. हे मला समजायला बराच वेळ लागला होता, आणि मला वाटतं जुनी गाडी असलेल्या निम्म्या लोकांना हे माहीत नसतं. दाराची काच खाली-वर होते त्या फटीतून पावसाचं पाणी दाराच्या पोटात जातं. ते अडवायचं नसतं, बाहेर काढायचं असतं. त्यासाठी दाराच्या तळाला निचऱ्याची भोकं असतात. रंगारी तळाला डांबरासारखा थर मारताना ती बुजवतात आणि मग दार म्हणजे बादली होते. दुसरं म्हणजे दाराच्या आतल्या पुठ्ठ्यामागे एक प्लास्टिकचा कागद असतो. दुरुस्तीला दार उघडलं की तो फाटतो आणि "हा कशाला लागतो" म्हणून फेकला जातो. तो लागतो. काचेवरून ओघळलेलं पाणी त्यावर पडतं, आणि त्याची खालची कड दाराच्या पोटात वळवलेली असली तर ते पाणी परत आत जाऊन भोकांतून खाली जातं. कागद नसेल तर पुठ्ठा भिजतो, फुगतो, आणि त्याच्या वरच बसवलेल्या लाकडाला खालून ओल चढते. पाच रुपयांच्या प्लास्टिकने अक्रोड वाचतं.

पाण्याची परीक्षा साध्या नळीने करायची, प्रेशरच्या पंपाने नाही, कारण पंपाच्या जोराने चांगलं रबरसुद्धा गळतं. आत एकाने बॅटरी घेऊन बसायचं. सुरुवात खालून: आधी उंबऱ्याशी पाच मिनिटं, मग थोडं वर, मग आणखी वर. वरून सुरू केलं तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि नेमकं कुठून शिरलं ते कळत नाही. आतल्या कडेला टाल्कम पावडर शिंपडून ठेवली तर ओघळाची वाट साफ दिसते. आमच्या गाडीत डाव्या मागच्या दाराच्या वरच्या कोपऱ्यात एक थेंब तीनदा आला. मार्क २च्या काचेची क्रोमची चौकट दारापासून वेगळी, स्क्रूने बसवलेली असते. ती अर्धा मिलिमीटर आत घेतली आणि थेंब थांबला.

आता लाकूड.

डॅशबोर्डवर दिसतं ते सगळं अक्रोड भरीव नसतं. खाली साधं लाकूड किंवा प्लाय असतो आणि वर एक मिलिमीटरहूनही पातळ असा अक्रोडाचा पापुद्रा, म्हणजे विनियर. हा पापुद्रा अक्रोडाच्या ओंडक्यातून वहीच्या पानांसारखा एकामागून एक कापला जातो. लागून असलेल्या दोन पानांवरची नक्षी जवळजवळ सारखी असते. वही उघडावी तशी ती दोन पानं शेजारी उघडली की उजवीकडची नक्षी डावीकडच्या नक्षीचं आरशातलं रूप होते. जॅग्वारच्या कारखान्यात एका गाडीचं सगळं विनियर एकाच गठ्ठ्यातून घेत. त्यामुळे डॅशबोर्डच्या उजव्या टोकाला जो भोवरा आहे त्याचा जोडीदार डाव्या टोकाला सापडतो. आंटींच्या गाडीतल्या पट्ट्या काढल्या तेव्हा मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेला एकच आकडा सगळीकडे होता. कुणीतरी कामगाराने साठ-पासष्ट वर्षांपूर्वी हा संच एकत्र राहावा म्हणून लिहिलेला.

म्हणूनच एक पट्टी गेली की प्रश्न एका पट्टीचा राहत नाही. डाव्या मागच्या दाराची पट्टी वाळवीने अर्धी खाल्ली होती. बाकीच्या पट्ट्यांचं लाकूड ठीक, पण वरचा थर उन्हाने पिवळा पडून भेगाळलेला. आणि ड्रायव्हरच्या दारावर, कोपर टेकतं तिथे, थर पूर्ण गेलेला. उघड्या लाकडात इतक्या वर्षांचा घाम आणि तेल मुरून तळहाताएवढा काळसर डाग झाला होता.

गिऱ्हाईक म्हणतं, सगळा संच नवा घ्या. असे संच इंग्लंडमध्ये बनवून मिळतात, चांगले असतात, आणि पप्पांचंही सुरुवातीला तेच मत होतं. धंद्याच्या बाजूने ते बरोबरच आहे: काम लवकर संपतं, चकाकी येते, आणि कुणी तक्रार करत नाही. आंटी गॅरेजात आल्या, ड्रायव्हरच्या दाराशी उभ्या राहिल्या आणि तो डाग दाखवून म्हणाल्या, "हो वचचो ना." हा जायचा नाही. मराठीत सांगितलं तर त्यातला अर्धा जोर जातो, म्हणून त्यांच्याच शब्दांत लिहिलं. पैसे कमी आले तरी चालतील, असं त्यांनी मुलाला फोनवर सांगितलं. गिऱ्हाइकाने किंमत उतरवली. मुलगा दोन दिवस गप्प राहिला आणि मग पप्पांना म्हणाला, ममाला पाहिजे तसं करा.

सांगायला सोपं आहे. डाग ठेवायचा म्हणजे उघडा ठेवायचा नाही, नाहीतर पुढच्या पावसात तिथून ओल शिरून विनियर उचललं जाईल. त्यावर पारदर्शक थर चढवायलाच हवा. पण तेल मुरलेल्या लाकडावर नवा लॅकर मारला तर तो धरत नाही, माशाच्या डोळ्यासारखी गोल भोकं सोडत पसरतो. इथे कामाला आले मेस्त. कोकणीत सुताराला मेस्त म्हणतात, पोर्तुगीज 'मेस्त्र' या शब्दावरून. आमचे मेस्त सत्तरीचे आहेत. चर्चची बाकं, आल्तारांच्या चौकटी, संतांच्या मूर्तींचे हात जोडणं हे त्यांचं आयुष्यभराचं काम. गाडीचं लाकूड त्यांनी याआधी कधी केलं नव्हतं.

पहिल्याच दिवशी त्यांचा आणि पप्पांचा खटका उडाला. मेस्तांना सगळं स्पिरिट पॉलिशने करायचं होतं, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख, कापडाच्या बोळ्याने थरावर थर. चर्चमध्ये ते शोभतं आणि टिकतं. गाडीत नाही. मे महिन्यात बंद गाडीचा डॅशबोर्ड इतका तापतो की हात ठेववत नाही. लाख उष्णतेने मऊ पडते आणि ओल लागली की पांढरी होते. चहाचा गरम कप ठेवल्यावर जुन्या टेबलावर पांढरं वर्तुळ उमटतं, तेच हे. कारखान्यातलं मूळ पॉलिश नायट्रोसेल्युलोजचं होतं. ते दिसायला सुंदर, पण उन्हात पिवळं पडून तडकणारं. आज पॉलियुरेथेन, ज्याला सगळे पॉलिशवाले 'पीयू' म्हणतात, ते ऊन अडवणारं मिळतं आणि माझ्या मते गोव्यात तेच घ्यावं. मूळ ते मूळ, हे मला एरवी पटतं, पण मूळ पॉलिशसाठी मूळ लाकूड गमावण्यात अर्थ नाही.

तरी मेस्तांची लाख कामी आलीच. मेण काढलेल्या लाखेचा एक पातळ थर तेलकट लाकूड आणि पीयू यांच्यात भिंतीसारखा राहतो. खालचं तेल वर येत नाही, वरचा थर धरतो. ड्रायव्हरच्या पट्टीचा डाग त्यांनी तीन वेळा स्पिरिटने हलके पुसला, वर लाख दिली, तिच्यावर पीयूचे पाच पातळ थर. डाग जिथल्या तिथे आहे, हाताला मात्र गुळगुळीत लागतो.

बाकीच्या पट्ट्यांवरचा तडकलेला थर काढताना मशीन लावू नये. एक मिलिमीटरहून पातळ पापुद्र्यावर घासायचं मशीन अर्ध्या मिनिटात आरपार जातं, आणि कडेला तर लगेच. मेस्त धार लावलेल्या पातळ पोलादी पत्र्याने, पत्रा दोन्ही अंगठ्यांनी किंचित वाकवून, थर खरवडतात. पीठ उडत नाही, काचेसारखे कपचे निघतात. विनियर जिथे उचललं गेलं आहे तिथे बोटाच्या नखाने टकटक केलं की पोकळ आवाज येतो. तिथे इंजेक्शनच्या सुईने गोंद आत सोडायचा, वर मेणकागद, त्यावर सपाट लाकूड, आणि शिकंजात रात्रभर.

एक गोष्ट चांगले पॉलिशवालेही विसरतात: मागची बाजू. पुढे सात थर आणि मागे कोरडं लाकूड असेल तर पावसाळ्यात मागचीच बाजू ओल घेते, फुगते, आणि पट्टी धनुष्यासारखी वाकते. मागेही निदान दोन थर हवेत. पेन्सिलीचा तो आकडा आम्ही आधी फोटो काढून ठेवला, मग त्याच्यावरूनच पारदर्शक थर दिला. आकडा वाचता येतो.

बसवताना लाकूड पत्र्याला थेट टेकवायचं नाही, मध्ये फेल्टची पातळ पट्टी ठेवायची, नाहीतर प्रत्येक खड्ड्यात कुरकुरतं. स्क्रू मूळ लांबीचेच हवेत. दाराच्या पट्टीला चार मिलिमीटर लांब स्क्रू लावला तर तो आत सरकत्या काचेला जाऊन भिडतो आणि पहिल्यांदा काच खाली केली की चरा. स्क्रू मेणबत्तीच्या तुकड्यावरून फिरवून घ्यायचा, म्हणजे जुन्या लाकडात तो पिळवटत नाही. मेस्तांच्या खिशात चर्चमधल्या मेणबत्त्यांची टोकं कायम असतात. सगळे स्क्रू आधी सैल लावायचे, काच वरखाली करून बघायची, दार चार वेळा लावायचं, मग एकेक आवळायचा, आणि शेवटचा पाव फेरा सोडून द्यायचा. लाकूड ऋतूप्रमाणे हलतं, त्याला तेवढी जागा लागते.

राहिली वाळवीची पट्टी. खालचं लाकूड मेस्तांनी नवं घडवलं आहे. जुन्या विनियरचा उरलेला पुढचा अर्धा भाग तसाच ठेवून मागे नवं जोडायचं ठरलं. नवं विनियर काश्मिरी अक्रोडाचं मिळालं. काश्मीरचा अक्रोड आणि युरोपात 'इंग्लिश' म्हणवणारा अक्रोड हे एकाच जातीचं झाड. नक्षी जुळणार नाहीच, आरशातली तर नाहीच नाही. मेस्त म्हणाले, "बाय, नक्षी मी बारीक ब्रशने थोडी पुढे नेईन, संतांच्या झग्यावर नेतो तशी. पण रंग मी आणू शकत नाही." रंगाची अडचण अशी की बहुतेक लाकडं उन्हात गडद होतात, अक्रोड उलट फिकं पडतं. साठ वर्षांच्या तुकड्याशेजारी नवा तुकडा चॉकलेटसारखा दिसतो. रसायनाने फिकं करता येतं, पण मग ते पुढे वेगळ्याच रंगाने म्हातारं होतं.

म्हणून तो तुकडा सध्या गॅरेजच्या पत्र्याच्या छपरावर आहे, काचेखाली, दोन विटांमध्ये. मेस्त रोज दुपारी तो उलट-सुलट बाजूने फिरवतात आणि शनिवारी खाली आणून जुन्या पट्टीशेजारी धरतात. गेल्या शनिवारी तो एका छटेने उतरला होता. पावसाला तीन आठवडे आहेत. गाडीची बाकी सगळी दारं तयार आहेत, डाव्या मागच्या दारावर फक्त फेल्टची पट्टी आणि चार रिकामी भोकं आहेत.